लायसिनच्या गोळ्या : ओठावरचा जर, नागीण, कांजिण्या आणि चामखीळ यांवर किती उपयोगी?



दुबई, शारजा किंवा अबू धाबीतल्या मोठ्या औषधाच्या दुकानात व्हिटॅमिनच्या कपाटासमोर उभे राहिले की 'एल-लायसिन' असे लिहिलेली बाटली हमखास दिसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, महागही नसते, आणि ओळखीत कुणी ना कुणी ती घेतलेली असते. मग सल्ले सुरू होतात. ओठावर जर आला, लायसिन घे. बाबांना नागीण झाली, लायसिन द्या. मुलाच्या बोटावर चामखीळ आली, त्यालाही लायसिन!

यातले खरे किती आणि ऐकीव किती, हे एका जागी मिळावे म्हणून हा लेख. घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच देतो.

थोडक्यात सांगायचे तर

- ओठावर वारंवार येणारा जर : थोडा उपयोग होण्याची शक्यता आहे, पण पुरावा कच्चा आहे. करून पाहायला निरोगी मोठ्या माणसाला सहसा हरकत नसते.
- नागीण : लायसिनने बरी होते असा पुरावा नाही. इथे वेळ फार मोलाची आहे. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जायला हवे.
- कांजिण्या : लायसिनचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मोठ्या माणसाला झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.
- चामखीळ आणि मोलस्कम : हे विषाणू वेगळ्याच कुळातले आहेत. लायसिनची मूळ कल्पना त्यांना लागूच होत नाही.

आता सविस्तर पाहू.

लायसिन म्हणजे काय?

आपण खातो ती प्रथिने पोटात गेल्यावर त्यांचे अमिनो आम्लांत तुकडे होतात. त्यातली नऊ अमिनो आम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. लायसिन हे त्या नवांपैकी एक. १८८९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडमंड ड्रेक्सेल यांनी ते दुधातल्या केसिन या प्रथिनापासून प्रथम वेगळे केले. आज बाजारात मिळणारे लायसिन मात्र दुधापासून बनत नाही. साखर किंवा मळीवर विशिष्ट जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या प्रक्रियेने ते तयार होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम लायसिन लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला साधारण १.८ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विषाणूशी त्याचा संबंध कसा जोडला गेला?

ओठावरचा जर हा तापामुळे किंवा 'उष्णतेमुळे' येत नाही. तो हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे येतो. ताप हे केवळ त्याला जागे करणारे निमित्त. हा विषाणू बहुधा लहानपणीच कुणाच्या तरी पाप्यातून शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी जन्मभर झोपून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांत त्याचा पहिला प्रकार आहे. तेव्हा ज्याला जर येतो त्याने लाजण्याचे काही कारण नाही.

१९६४ साली प्रयोगशाळेत असे दिसले की पेशींना आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल मिळाले नाही तर या विषाणूची वाढ खुंटते. लायसिन आणि आर्जिनिन यांची रासायनिक घडण बरीच सारखी आहे आणि पेशीत शिरण्याचा दरवाजाही एकच. यावरून तर्क निघाला की लायसिन भरपूर घेतले तर ते दारात गर्दी करील, आर्जिनिन आत कमी जाईल आणि विषाणू उपाशी राहील.

तर्क सुरेख आहे. अडचण अशी की काचेच्या बशीतल्या पेशी आणि माणूस यांत फरक आहे. आपले शरीर आर्जिनिन स्वतः तयार करते. त्यामुळे चार गोळ्यांनी पेशीतले आर्जिनिन विषाणूची उपासमार होण्याइतके खाली येते, हे माणसात दाखवून देणे सोपे नाही.

अभ्यास काय सांगतात?

१९७८ साली अमेरिकेत ग्रिफिथ, नॉरिन्स आणि केगन या डॉक्टरांनी ४५ रुग्णांना रोज साधारण ३०० ते १२०० मिलिग्रॅम लायसिन देऊन चांगला गुण आल्याचे लिहिले. लायसिनची कीर्ती पसरली ती प्रामुख्याने यामुळे. पण त्यात तुलनेसाठी लायसिन न घेणारा दुसरा गट नव्हता. ओठावरचा जर काहीही न करता आठ-दहा दिवसांत बरा होतोच. त्यामुळे गुण गोळीचा की काळाचा, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

नंतर खरी आणि खोटी गोळी देऊन, कुणाला कोणती मिळाली हे गुप्त ठेवून अभ्यास झाले. त्यांचे निकाल एकमुखी नाहीत.

- १९८४ सालच्या एका अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम लायसिन देऊनही काही फरक दिसला नाही.
- त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात रोज १२४८ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना जर कमी वेळा आला, पण ६२४ मिलिग्रॅमचा उपयोग झाला नाही.
- १९८७ साली ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी सहा महिने रोज ३ ग्रॅम लायसिन दिले. त्यात जर येण्याचे प्रमाण कमी झाले आणि त्रासही सौम्य झाला.

हे सगळे अभ्यास लहान, थोड्याच रुग्णांवर केलेले. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने जर टाळण्याच्या सर्व उपायांचा एकत्र आढावा घेतला. त्यात विषाणूविरोधी गोळ्या दीर्घकाळ रोज घेतल्यास जर येणे काहीसे कमी होते असे दिसले. लायसिनने ते कमी होते याला पुरेसा पुरावा आढळला नाही. २०१७ सालच्या आणखी एका आढाव्यात असे म्हटले आहे की रोज १ ग्रॅमपेक्षा कमी लायसिन निरुपयोगी, आणि ३ ग्रॅमच्या वर काही जणांना बरे वाटू शकते.

तात्पर्य, लायसिनला थोडाफार आधार आहे तो फक्त ओठावरच्या जरासाठी, तोही तो पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून. आलेला जर लवकर बरा करण्यासाठी किंवा इतर आजारांसाठी नाही.

आजारवार माहिती

*ओठावरचा जर*

आधी ओठाच्या कडेला चुरचुर किंवा मुंग्या, मग पाण्याचे बारीक फोड, मग खपली. चुरचुर सुरू होताच असायक्लोव्हिरचे मलम लावायला सुरुवात केली तर बरे होण्याचा काळ थोडा कमी होतो. फोड पिकल्यावर लावून फारसे हाती लागत नाही. वर्षातून बऱ्याच वेळा जर येत असेल तर डॉक्टर विषाणूविरोधी गोळ्या देऊ शकतात. असायक्लोव्हिर हे औषध ज्यांच्या चमूने घडवले त्या गर्ट्रूड एलियन या १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी. ते अनेक वर्षे वापरात आहे आणि त्याच्या स्वस्त आवृत्त्याही मिळतात.

एक गोष्ट मात्र कुणीही विसरू नये. ज्याच्या ओठावर जर आहे त्याने तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या आजीला हे सांगणे अवघड वाटते, पण सांगायलाच हवे. मोठ्यांना किरकोळ वाटणारा हा विषाणू पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत पोहोचू शकतो. खपली पूर्ण पडेपर्यंत पापा नको, बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवायचे. लायसिन चालू आहे म्हणून यात सूट नाही.

*नागीण*

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून अंगाच्या एकाच बाजूला पट्टा उठतो. बऱ्याचदा आधी दोन-तीन दिवस नुसतेच दुखते किंवा आग होते. बरगडीवर असेल तर लोक छातीचे दुखणे समजतात, कमरेवर असेल तर उसण.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. त्यात तथ्य नाही. गेरूचा लेप लावल्याने विषाणू जात नाही, आणि लायसिननेही जात नाही. नागिणीवर लायसिनचा उपयोग दाखवणारा एकही भरवशाचा अभ्यास नाही. विषाणू हर्पिसच्याच कुळातला असल्यामुळे 'इथेही चालेल' असे गृहीत धरले जाते, एवढेच.

इथे नुकसान गोळीने होत नाही, वाट पाहण्याने होते. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो आणि सुरुवातीचे दुखणे कमी होते. उशीर झाला की हा फायदा घटतो. नागीण बरी झाल्यावरही महिनोन् महिने राहणारी मज्जातंतूची वेदना हा वयस्करांना होणारा खरा त्रास आहे. सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही इतकी ती तीव्र असू शकते. तीन दिवस लायसिन देऊन पाहू म्हटले की नेमके तेच ७२ तास हातचे जातात.

पुढील गोष्टी दिसल्यास ७२ तासांचाही विचार न करता लगेच रुग्णालयात जावे :

- कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड. डोळ्याला इजा होऊ शकते.
- कानाजवळ फोड आणि चेहरा एका बाजूला वाकडा होणे.
- रुग्णाला कर्करोगाचे उपचार किंवा स्टिरॉइड चालू असणे.
- पुरळ अंगभर पसरणे, भान हरपणे, तीव्र डोकेदुखी.

नागिणीच्या फोडातील पाण्यातून, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. घरात गर्भवती सून किंवा मुलगी असेल तर पुरळ कपड्याने झाकावे, टॉवेल वेगळा ठेवावा आणि तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. नागिणीची लस आता अमिरातीत आणि भारतातही मिळते. पन्नाशी उलटलेल्यांनी, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी, तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

*कांजिण्या*

अमिरातीच्या बाल लसीकरणात कांजिण्यांची लस आहे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती नाही, तिथे ती खासगीरीत्या घ्यावी लागते. त्यामुळे इथे जन्मलेले मूल सुरक्षित आणि पुण्या-नागपुराहून नोकरीला आलेले त्याचे काका असुरक्षित, असे घरोघरी असू शकते. मोठेपणी झालेल्या कांजिण्या जास्त त्रासाच्या, न्यूमोनियाचाही धोका असतो. मोठ्यांना औषध द्यायचे तर पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू करणे उत्तम. मुलांना तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन अजिबात देऊ नये आणि आयब्युप्रोफेनही टाळावे. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा, पाळणाघर आणि विमानप्रवास बंद.

*चामखीळ आणि मोलस्कम*

चामखीळ पॅपिलोमा विषाणूमुळे येते. मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले मोलस्कमचे दाणे देवीच्या कुळातल्या विषाणूमुळे येतात. दोन्ही मुलांत नेहमीचे आणि बहुतेक वेळा आपोआप जाणारे. मोलस्कमला सहा महिने ते दीड वर्ष लागू शकते. चामखिळीवर सॅलिसिलिक आम्लाचे औषध किंवा डॉक्टरांकडे गोठवून काढणे हे उपाय आहेत. यासाठी मुलाला लायसिन देण्यात अर्थ नाही.

आपल्या ताटातले लायसिन

बाटली विकत घेण्याआधी ताटाकडे पाहू. पुढचे आकडे सुमारे आहेत.

- शिजवलेले चिकन, १०० ग्रॅम : अडीच ग्रॅम
- सुरमईसारखा मासा, १०० ग्रॅम : दोन ग्रॅम
- पनीर, १०० ग्रॅम : दीड ग्रॅम
- मसूर डाळ, कोरडी ५० ग्रॅम : पाऊण ग्रॅमहून थोडे जास्त
- तूर डाळ, कोरडी ५० ग्रॅम : पाऊण ग्रॅम
- दूध, एक पेला : अर्धा ग्रॅम
- अंडे, एक : अर्ध्या ग्रॅमला थोडे कमी
- ज्वारी, गहू, तांदूळ, कच्चे १०० ग्रॅम : पाव ग्रॅमच्या आसपास

धान्यांत लायसिन कमी, डाळींत भरपूर. वरण-भात, थालीपीठ, पुरणपोळी हे पदार्थ धान्य आणि डाळ एकत्र आणतात, म्हणून ते एकमेकांची उणीव भरून काढतात. मासे-चिकन खाणाऱ्याला एका जेवणात दिवसाची गरज भागवणारे लायसिन मिळते. कमी पडू शकते ते नुसत्या चहा-पोळीवर किंवा पातळ वरणावर दिवस काढणाऱ्या वयस्करांना. त्यांना गोळीपेक्षा घट्ट वरण, दही आणि पनीर द्यावे. त्यातून बाकीची प्रथिनेही मिळतात.

शेंगदाणे, तीळ आणि सुकामेवा यांत उलट आर्जिनिन जास्त असते. ५० ग्रॅम शेंगदाण्यात लायसिन अर्धा ग्रॅम, तर आर्जिनिन दीड ग्रॅम. म्हणून जर येणाऱ्यांनी कूट, चिक्की, चॉकलेट सोडावे असे सांगितले जाते. याने जर थांबतो हे सिद्ध झालेले नाही. तुम्हाला स्वतःला तसा अनुभव वारंवार येत असेल तर तेवढ्यापुरते टाळा. सगळ्या घराची साबुदाण्याची खिचडी बंद करू नका.

घ्यायचेच ठरवले तर

1. फक्त ओठावरच्या वारंवार येणाऱ्या जरासाठी, निरोगी मोठ्या माणसाने, डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून.
2. अभ्यासांत वापरलेले प्रमाण रोज १ ते ३ ग्रॅम. सहा महिन्यांत किती वेळा जर आला हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. आधीइतकाच येत असेल तर बाटली बंद.
3. लेबलवर 'लायसिन हायड्रोक्लोराइड' असेल तर १००० मिलिग्रॅममध्ये शुद्ध लायसिन सुमारे ८०० मिलिग्रॅमच असते.
4. शाकाहारी मंडळींनी कॅप्सूलचे आवरण तपासावे. ते पुष्कळदा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरण मागून घ्यावे.
5. पोटदुखी, मळमळ, जुलाब हे नेहमीचे दुष्परिणाम. लायसिनमुळे कॅल्शियमचे शोषण वाढते, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.
6. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार, गर्भारपण, स्तनपान आणि लहान मुले : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

अमिरातीत राहताना

इथले ऊन हे जराचे मोठे निमित्त. उन्हातली अतिनील किरणे विषाणूला जागे करतात. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम अतिनील प्रकाशात सनस्क्रीन लावलेल्या ओठांवर जर आला नाही असे दिसले आहे. समुद्रकिनारी किंवा वाळवंटात जाताना ओठांना एसपीएफ ३० असलेला बाम लावणे हा साधा, बिनधोक्याचा उपाय आहे.

दुबईत आरोग्यपूरकांची नोंदणी दुबई म्युनिसिपालिटीच्या 'मोंताजी' यंत्रणेत होते. अशा नोंदणीचा अर्थ एवढाच की माल आणि लेबल तपासलेले आहे. ते आजार बरे करते असे प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही.

विम्याचेही पाहा. दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला. १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमानसह उत्तरेकडच्या अमिरातींतील खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांनाही तो लागू आहे. प्रश्न येतो तो भेट व्हिसावर आलेल्या आई-बाबांचा. त्यांचा विमा बहुधा फक्त तातडीच्या उपचारांपुरता असतो, म्हणून 'उगाच मुलाला खर्च नको' असे म्हणत ते दुखणे लपवतात. नागिणीसाठी मोठ्या तज्ज्ञाचीच गरज असते असे नाही. जवळच्या क्लिनिकमधला जनरल प्रॅक्टिशनरही ती पाहून औषध सुरू करू शकतो. एका भेटीचा खर्च पुढच्या अनेक महिन्यांच्या वेदनेपेक्षा नक्कीच कमी आहे. आई-बाबा आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून ठेवा : अंगावर एका बाजूला आग झाली किंवा फोड आले तर त्याच दिवशी बोला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डॉक्टरांच्या औषधाबरोबर लायसिन चालेल का?*
असायक्लोव्हिरबरोबर घेतल्याने अपाय होतो असे आढळलेले नाही. पण औषधाच्या ऐवजी नको.

*जिममधल्या पावडरीत आर्जिनिन असते. त्याने जर वाढतो का?*
ठोस पुरावा नाही. ज्यांना वारंवार जर येतो त्यांनी महिनाभर ती बंद ठेवून पाहायला हरकत नाही.

*लायसिनचे मलम चांगले की गोळी?*
मलमाबद्दल पुरावा गोळीपेक्षाही कमी आहे. चुरचुर सुरू झाल्यावर असायक्लोव्हिरचे मलम अधिक भरवशाचे.

*इसब असलेल्या मुलाला जर आला तर?*
थांबू नका. इसबाच्या कातडीवर हा विषाणू झपाट्याने पसरतो. ताप आणि एकसारखे, छिद्र पाडल्यासारखे फोड दिसले तर लगेच रुग्णालय गाठा.

मंडळी, लायसिन हे विष नाही आणि अमृतही नाही. ओठावरच्या जरापुरते ते आजमावून पाहा, बाकी आजारांना त्याच्या भरवशावर ठेवू नका. हा लेख माहितीसाठी आहे. तपासणी आणि औषध आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे. घरातल्या थोरामोठ्यांना ७२ तासांची गोष्ट तेवढी जरूर वाचून दाखवा.